मागच्या अंगणाची ट्रायल

घरामागची जागा बसायला-उठायला बांधून काढायची असली की माणसं काय करतात? गवंड्याला बोलावतात, विटा-सिमेंट सांगतात आणि काम सुरू झालं की भांडत बसतात. आमच्या भावोजींनी भांडणं आधी उरकली. ते शिंपी आहेत, सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणते. कापड कात्रीखाली घालायच्या आधी त्याच्याकडे अर्धा दिवस नुसतं बघत बसायची त्यांची रीत आहे. पुढच्या खोलीत दुकान, मध्ये घर, आणि मागे तिन्ही बाजूंनी भिंती असलेली उघडी जागा. तिथं आजवर वाळत घातलेले कपडे आणि मोडक्या खुर्च्या सोडून कोणी राहत नव्हतं.

मी त्यांच्या बायकोची धाकटी बहीण. माझा संसार काही फार टिकला नाही, तेव्हापासून मी ताईकडेच आहे. तोंडाने फटकळ आहे, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कोणाला वाईट वाटायला नको.

ताई आणि भावोजी, दोघांनी मिळून ते दुकान चालवलं. ते मशीनवर, ती शेजारी स्टुलावर, काजं करत, बटणं लावत, हातशिलाई घालत. दिवसभर दोघांची तोंडं चालू. गिऱ्हाईक कपडे न्यायला यायचं आणि यांचं भांडण ऐकत उभं राहायचं. मग एका सकाळी ताई दुकानातच कोसळली. उजवं अंग गेलं. दवाखान्यातून घरी आली ती मधल्या खोलीतल्या पलंगावर, आणि तिथंच राहिली. त्या खोलीच्या खिडकीतून शेजारच्या घराची भिंत दिसते, बस्स. डाव्या हाताने कधी काठी टेकत, कधी भिंत धरत ती न्हाणीघरापर्यंत जाते. बोलते, पण एकेक शब्द ओढून काढावा लागतो. त्यामुळे झालं काय, की तिच्याबद्दलचं सगळं बोलणं तिच्या डोक्यावरून व्हायला लागलं.

तिची लेक दुसऱ्या शहरात, उंच इमारतीत राहते. पोरगी कर्तबगार आहे, त्यात वाद नाही. पण तिचं बोलणं म्हणजे हुकूमच. तिने फोनवर बापाला सांगितलं, "बाबा, आई त्या खोलीत कुजतेय. माझ्याकडे लिफ्ट आहे, बाई ठेवीन, व्यायाम शिकवायला माणूस येईल."

"आणि मी?" भावोजींनी विचारलं.

"तुम्हीही या ना."

"मशीन कुठं ठेवू? तुझ्या सोफ्यावर?"

बराच वेळ दोघं एकमेकांवर डाफरली. शेवटी पोरगी म्हणाली, "ठीक आहे. आईला आपली आपण मोकळ्या हवेत जाता आलं पाहिजे आणि परत आत येता आलं पाहिजे. कोणी धरायचं नाही, कोणी उचलायचं नाही. मी पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी येते. जमलं तर मी तोंड उघडणार नाही. नाही जमलं तर आईला घेऊन जाणार."

"ठरलं," भावोजी म्हणाले आणि फोन ठेवला. ठेवल्यावर मात्र त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ताई गेली तर हे काय करतील, हे मला दिसत होतं. मशीनवर बसतील, पायडल मारतील, आणि शेजारच्या रिकाम्या स्टुलाशी बोलतील. मी त्यांना कितीही टोमणे मारत असले तरी ते बघायची माझी तयारी नव्हती.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी गवंड्याला बोलावलं. गवंडी ओळखीचा, गप्पिष्ट. त्याने जागा बघितली, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "सोपं आहे मास्तर. पायऱ्या तोडू, उतार काढू, फरशी घालू, वर पत्रा. सोमवारपासून लागतो."

"इतक्यात हात लावायचा नाही," भावोजी म्हणाले. "आधी ट्रायल."

"माणसाला ट्रायल असते. भिंतीला असते हे आजच ऐकतोय."

"माझ्याकडे असते."

आणि मग त्या बाबाने खरोखरच अख्खं अंगण कच्च्या धाग्यात उभं केलं. जुन्या चादरी मशीनवर जोडून छप्पर शिवलं, चार बांबूंवर ताणून बांधलं. विटांवर फळ्या टाकून उतार केला. उताराच्या दोन्ही बाजूंना आडवे बांबू, धरायला. कापडावर रेघा मारायचा खडू घेऊन ते सकाळी सावलीची कड आखायचे, दुपारी आखायचे, ऊन उतरताना आखायचे. मग चादर सोडायची, बांबू हलवायचे, पुन्हा बांधायचे. पाणी कुठं जातं ते बघायला फळ्यांवर बादल्या ओतल्या. पाणी सरळ माझ्या स्वयंपाकघरात आलं.

"अहो, ताईला बाहेर काढायचंय की मला वाहून घालवायचंय?" मी ओरडले.

"बरं झालं आत्ता कळलं. बांधल्यावर कळलं असतं तर?" ते म्हणाले आणि फळीखाली आणखी एक वीट सरकवून मोकळे झाले. मी खराटा घेऊन पाणी काढत बसले.

फरशीचे तुकडे आणले, ओले केले, मोजे घालून त्यावर चालून बघितलं, एकावर सणकून आपटले. तो तुकडा बाद. शेजाऱ्यांच्या स्वयंपाकाचा धूर कोणत्या वाऱ्याला इकडे येतो, कोणत्या भिंतीवर दुपारी हात ठेववत नाही, दिव्याचं बटण डाव्या हाताला कुठं येईल, सगळं बघून झालं. गवंडी येऊन जाऊन बघायचा आणि गालात हसायचा. मीही हसले असते, पण दिवस सरत होते आणि ताईला मात्र एकदाही तिथं आणून बसवलं नव्हतं.

बाकाचंच घ्या. उताराच्या टोकाला, सावलीत, भिंतीला टेकून ताईसाठी बाक करायचा होता. गवंड्याने विचारलं, "उंची किती धरू?" भावोजी दुकानात गेले, ताईचं स्टूल उचलून आणलं, त्याला टेप लावली आणि विटा रचून बरोबर तेवढ्याच उंचीवर फळी टाकली.

मी म्हटलं, "भावोजी, ताईला एकदा बसवून बघा ना."

"कशाला? तिचं माप मला पाठ आहे. लग्न ठरलं तेव्हा एकदा घेतलं होतं, त्यानंतर कधी टेप लावावी लागली नाही."

ही त्यांची जुनी फुशारकी. ताईचे ब्लाउज ते डोळे मिटून बेततात असं गल्लीत कोणालाही विचारा. अजूनही शिवत होते. आजारी पडल्यावर तर हौसेने शिवले, पुढून उघडणारे, एका हाताने लावता येतील अशा मोठ्या बटणांचे. पण माप तेच, जुनं. आणि ताई उरली होती निम्मी! उजवा खांदा खाली आलेला, पाठीला बाक आलेला, दंडाची नुसती काठी झालेली. नवा ब्लाउज घातला की खांद्यावरून ओघळायचा. ताई मला म्हणायची, "पिन... लाव. मागून. त्यांना... नको सांगू." मी पाठीवर पिनांची रांग लावायची, वरून शाल टाकायची, आणि दारातून भावोजी विचारायचे, "बसला ना नीट?" ताई मान हलवायची. ते खूश होऊन मशीनवर परत.

मला त्या माणसाचा असा राग यायचा! दारातून. सगळं दारातून. "बरं आहे ना?" दारातून, "जेवलीस ना?" दारातून. तिला उठवायची मी, अंघोळ घालायची मी, कूस बदलायची मी. एकदा माझीच पाठ धरली, मी हाक मारली, "जरा हात द्या हो!" तर दुकानातून उत्तर, "इस्त्री गरम आहे, आलोच." आले ते सगळं आटोपल्यावर. बायको धडधाकट होती तोवर सावलीसारखे तिच्या मागे, आणि आता तिच्या अंगाला हात लावायला नको! मला वाटलं, पुरुषाची जात, किळस येत असेल. मनात ठेवणं माझ्या स्वभावात नाही. शनिवारी, ते बाहेर बांबूच्या गाठी आवळत होते, तेव्हा मी तोंडावर बोलले.

"उद्या तुमची लेक येतेय. आज तरी ताईला आणा, फळीवर चालू दे, बाकावर बसू दे. ट्रायल म्हणता आणि ज्याचा कपडा त्याच्या अंगाला लावून बघत नाही, ही कुठली ट्रायल? का हात लावावा लागेल म्हणून टाळताय? शिसारी येते का तिची?"

त्यांच्या हातातली दोरी सुटली. वाटलं आता काहीतरी फेकून मारणार. पण ते म्हणाले, "तिला आज दमवायचं नाही. तू तुझं काम बघ." आणि सुटलेली गाठ पुन्हा मारायला लागले. गाठ काही बसेना. मी तणतणत आत निघून गेले.

रविवारी पोरगी आली. आधी आईला मिठी मारली, मग तिच्या कपाटातले कपडे काढून भराभर बॅगेत भरले आणि बॅग गाडीत नेऊन ठेवली. "नंतर धावपळ नको," म्हणाली. भावोजी उंबऱ्यात उभे राहून बघत होते. बॅग जाताना त्यांनी बाजूला सरकून वाट दिली.

मागे येऊन तिने चादरीचं छप्पर बघितलं. "हे काय, तंबू?"

"ट्रायल आहे," भावोजी म्हणाले. "हे जमलं की तस्संच पक्कं बांधायचं."

मी ताईला दारापर्यंत आणलं आणि हात सोडला. कोणी धरायचं नाही म्हणजे नाही. ताईने काठी मनगटाला अडकवली आणि डाव्या हाताने बांबू पकडला. फळी करकरली. एक पाऊल, मग उजवा पाय ओढत दुसरं. मध्येच ती थांबली, श्वास घेतला. भावोजी भिंतीला पाठ लावून उभे होते, त्यांचे ओठ हलत होते, जणू तेच पावलं टाकत होते. पोरीने दोन्ही हात छातीशी घट्ट आवळून धरले होते, मदतीला जायचे नाहीत म्हणून. ताई पुन्हा निघाली. उतार संपला. बाकापाशी येऊन ती वळली, काठी टेकली आणि धप्पकन बसली.

बसली! तिने मान वर केली. चादरीच्या कडेपलीकडे आभाळाचा तुकडा होता, त्याच्याकडे ती बघतच राहिली. वारा तिच्या केसांतून जात होता. इतक्या महिन्यांनी तिच्या तोंडावर उजेड पडलेला बघून मला रडू फुटलं, आणि लपवायचं कशाला, पोरीलाही फुटलं. भावोजी मात्र हसत होते, लहान मुलासारखे, तोंड भरून.

"छान, आई," पोरगी डोळे पुसत म्हणाली. "आता आत."

ताईने काठी रोवली. पुढे वाकली, जोर लावला. उठली नाही. पुन्हा जोर लावला. गुडघे वर आणि बसकण खाली, एवढ्या खालून उठायला पायात जोर लागतो, आणि तिच्या एका पायात तो उरलाच नव्हता. तिसऱ्यांदा तिने दात आवळले. वीतभर वर आली आणि परत आदळली. शाल घसरून खाली पडली. ती पुढे वाकलेली होती, त्यामुळे पाठीवरची पिनांची रांग सगळ्यांसमोर उघडी पडली.

भावोजींनी ती बघितली. त्यांचं हसू विरलं. एकदा पिना, एकदा बाक, एकदा तिचा खांदा, असे ते बघत राहिले. सगळं कळलं त्यांना, आणि कळत असताना त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

"बाबा," पोरगी हळू म्हणाली, "बास आता."

"हो," ते म्हणाले. "ठरलं ते ठरलं. घेऊन जा तिला." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू उठव तिला."

मी पुढे झाले, पण ताईने काठी आडवी केली. अशी आडवी केली की मी जागच्या जागी थांबले.

"ती... का?" ताई म्हणाली. डोळे भावोजींवर. "तुम्ही... का नाही?"

त्यांनी पाठ भिंतीला आणखी दाबली.

"हे एवढं... बांधताय. बांबू. बाक." प्रत्येक शब्दाला तिची मान ताणली जात होती. "मला... हात लावायला... लागू नये... म्हणून?"

मी आदल्या दिवशी तेच ओरडून बोलले होते, पण माझं बोलणं म्हणजे रोजची कटकट. तिचं वेगळं होतं. भावोजी भिंतीपासून सुटले, दोन पावलं आले आणि तिच्यासमोर फळीवर मटकन बसले.

"तू पडलीस तेव्हा मी तुला धरलं होतं," ते म्हणाले. आवाज फाटलेला. "तुझा हात माझ्या हातात होता आणि त्या हातात तू नव्हतीस. मी हाका मारतोय, दाबतोय, आणि तो हात नुसता लोंबतोय. निसटला माझ्या हातातून. डोकं आपटलं तुझं, माझ्यामुळे. तेव्हापासून मला भीती वाटते गं. परत धरीन आणि परत पाडीन. दारातून बघितलं की तू होतीस तशीच आहेस असं वाटायचं. तसंच वाटून घ्यायचं होतं मला." आणि तो माणूस, ज्याला मी वर्षानुवर्षं ओळखते, लेकीसमोर, मेहुणीसमोर हुंदके देऊन रडायला लागला. मी त्याला शिसारीबद्दल विचारलं होतं.

ताई त्यांच्याकडे बघत होती. "मला पण... भीती वाटते," ती म्हणाली. "रोज. एकटीला." मग काठी खाली टाकली आणि डावा हात पुढे केला. "या. धरा."

"पण आई, आपलं ठरलं होतं, कोणी धरायचं नाही," पोरगी बोलून गेली.

"तुमचं... ठरलं." ताईने मान तिच्याकडे वळवली. "मला... कोणी... विचारलं? मी... एकटी... कधी चालत होते? एकटंच... जमवायचं... तर लग्न... कशाला केलं?"

तिला कोणी गप्प केलेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

भावोजी उठले, पण धरायचं कसं तेच त्यांना ठाऊक नव्हतं. दंडाला हात लावतात, काढून घेतात. मग मला राहवेना. "काखेतून हात घाला," मी लांबूनच सांगितलं. "गुडघे तिच्या गुडघ्यांना लावा. अहो, ओढू नका, पोतं आहे का ते? तिला तुमच्यावर येऊ द्या." पहिल्या झटक्यात दोघंही बाकावर कोसळली, फळी कडाडली, आणि ताई हसली. खदखदून, वाकड्या तोंडाने, अंगभर हसली. भावोजी घाबरून तिचं डोकं चाचपत होते आणि ती हसत होती. दुसऱ्या वेळी त्यांनी पाय रोवले, श्वास धरला, आणि ती उठली.

दोघं उभी राहिली. ताईचा माथा पूर्वी त्यांच्या हनुवटीला लागायचा, आता तो छातीशी आला होता. भावोजींनी खाली बघितलं. "केवढीशी झालीस," ते म्हणाले.

"तुम्ही... बघितलंच नाही."

"आता बघतो."

पोरगी घरात गेली. मला वाटलं रागावली. पण थोड्या वेळाने ती गाडीतली बॅग घेऊन परत आली, आईच्या खोलीत ठेवली, आणि मागच्या दारात येऊन उभी राहिली. नाक लाल झालेलं. "बाबा, बाक उंच करून घ्या," एवढंच म्हणाली.

भावोजी ताईला धरून उताराकडे वळले. एक पाऊल, दुसरं पाऊल, फळी करकरतेय, आम्ही दोघी दारातून बाजूला झालो, त्यांना वाट दिली. उंबऱ्याशी येऊन ताई थांबली.

"काय झालं?" भावोजी दचकून म्हणाले. "दुखतंय का?"

"आत... कशाला?" ताई म्हणाली. "आत्ताच तर... बाहेर आले."

भावोजींनी आमच्याकडे बघितलं, लेकीकडे बघितलं, आणि मग तिला धरून सावकाश परत फिरले. त्याच बुटक्या बाकावर त्यांनी तिला बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. त्या दिवशी पार ऊन उतरेपर्यंत त्यांनी तिला पुन्हा पुन्हा उठवलं, पुन्हा पुन्हा बसवलं. एकदाही मला हाक मारली नाही.